पाटीवरचा डोंगर : प्राथमिक शाळेतील चित्रकलेची वाटचाल



वसंतातल्या या ज्ञानसत्रात राजकारण, तत्त्वज्ञान, शास्त्र असे भारदस्त विषय येतात. तेथे पहिली ते चौथीच्या मुलांच्या चित्रकलेविषयी बोलावयास कोणी उभे राहिले, तर काहींना नवल वाटेल. पण ज्या विषयाकडे आपण शंभर-दीडशे वर्षे कानाडोळा केला, त्याचा इतिहास तपासून पाहिला म्हणजे आपल्या एकंदर शिक्षणाचे दोष फार स्वच्छ दिसू लागतात. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला आहे.

आरंभ एका चित्रापासून करतो. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात जा, तिसरीतल्या मुलाच्या हातात कागद द्या आणि 'तुला आवडेल ते चित्र काढ' असे सांगा. बहुधा तो दोन त्रिकोणी डोंगर काढील. दोहोंच्या मध्ये अर्धा सूर्य उगवेल. डोंगरातून निळी नदी वाहत येईल, काठावर उतरत्या छपराचे घर असेल, आणि घराशेजारी नारळाचे झाड. आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे तीन-चार पक्षी उडत असतील. हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते काढलेही असेल.

आता या चित्राकडे जरा चिकित्सक दृष्टीने पाहा. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या मुलाने नारळाचे झाड कोठे पाहिले? त्याच्या गावच्या ओढ्याला वर्षातून किती दिवस पाणी असते? आणि डोंगर? आपल्या जिल्ह्यातले डोंगर काळ्या कातळाचे, थरावर थर रचल्यासारखे, बहुतेक सपाट माथ्याचे. अकोल्याकडचा कळसूबाई आणि तसलीच काही शिखरे सोडली, तर त्रिकोणी डोंगर या मुलांच्या नजरेच्या टप्प्यात नाही. म्हणजे जे मूल रोज सपाट माथ्याचा डोंगर पाहते, ते कागदावर त्रिकोणी डोंगर काढते. डोळ्याने पाहिले एक आणि हाताने काढले दुसरे. हा त्रिकोणी डोंगर आला कोठून? माझे सगळे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

या भूमीत चित्राची किंवा आकाराची जाण नव्हती म्हणून असे झाले, असे मात्र कोणी समजू नये. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले, आणि तेथे सापडलेल्या मृद्भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. तांबूस रंगाची, चाकावर घडवलेली, काळ्या रेषांनी चितारलेली ही भांडी. तिरप्या समांतर रेषा, चौकटी, जाळी अशी त्यांवरील नक्षी आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराच्या हातात जी शिस्त होती, ती पाहून आजच्या नक्षीकाराने थक्क व्हावे. पुढे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केले. तेथे कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांतील एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. त्या आईबापांचा शोक आणि त्यांची सौंदर्यदृष्टी एकाच माळेत ओवलेली आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल मजुराला झाड उपटताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. त्यांत हत्ती, गेंडा आणि म्हैस आहे, आणि दोन बैल जोडलेला रथ व तो हाकणारा माणूस आहे. चौघांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. ती खेळणी की मिरवणुकीतल्या देवमूर्ती, याविषयी पंडितांत वाद आहे; पण ज्याने तो रथ घडवला त्याने बैल नीट न्याहाळला होता, याविषयी वाद नाही.

हे झाले प्राचीन. घरोघरीची परंपरा तर कालपरवापर्यंत चालत आली आहे. दारातली रांगोळी, चैत्रातले चैत्रांगण, पोळ्याचे मातीचे बैल, हस्त नक्षत्रात पाटावर काढलेला हत्ती, दिवाळीतला किल्ला. या सर्वांत लहान मुलाचा हात असे. आजीने ठिपके द्यावेत, नातीने रेघा जोडाव्यात. बापाने माती मळून द्यावी, मुलाने बैलाला शिंगे लावावीत. कलेचे शिक्षण चालू होते. त्याला तासिका नव्हती, एवढेच.

आणि शाळा? जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळीवर अक्षर गिरवीत असे. पुढे मोडीचा कित्ता येई. कित्ता म्हणजे वळणदार अक्षरांचा नमुना. गुरूने नमुना द्यावयाचा, शिष्याने तो हुबेहूब उतरावयाचा. अक्षर मोत्यासारखे व्हावे यासाठी ही पद्धत उत्तमच होती. हिशेबनीस आणि कारकून तिने हजारोंनी घडवले. पण या पद्धतीत शिष्याने काही नवे करावे, अशी अपेक्षा नव्हती. नमुन्यापासून जितके दूर जाल, तितकी चूक. हा 'कित्ता' शब्द आपण ध्यानात ठेवू. तो पुन्हा भेटणार आहे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले. यंत्रावर निघालेला विलायती माल आणि हिंदुस्थानातल्या कारागिरांचा माल शेजारी शेजारी मांडला गेला, आणि आपली नक्षी किती दरिद्री आहे हे तिकडच्या जाणत्यांच्या लक्षात आले. त्यातून तेथे सरकारी कलाशिक्षणाची एक मोठी यंत्रणा उभी राहिली. तिचे केंद्र पुढे साउथ केन्सिंग्टन येथे होते. चित्रकलेचे शिक्षण तेवीस पायऱ्यांत विभागले गेले. पहिल्या पायऱ्यांवर विद्यार्थ्याने छापील रेखाकृती उतरून काढावयाच्या, सरळ रेघा, वक्र रेघा, मग पाने, मग दागदागिन्यांची वेलबुट्टी. जिवंत वस्तू समोर यावयास फार वेळ लागे. हेतू स्पष्ट होता : कारखान्याला नक्षीकार हवा होता.

हीच पद्धत मुंबईस आली. सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. लॉकवुड किपलिंग १८६५ साली तेथे शिकवावयास आले, पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. या गृहस्थांना देशी कारागिरीविषयी खरा आदर होता, हे मान्य केलेच पाहिजे. १८७९ साली ड्रॉइंग हा विषय शिक्षणक्रमात आला, १८९३ साली ड्रॉइंग शिक्षकांसाठी वर्ग निघाला. मग ग्रेड परीक्षा आल्या आणि हायस्कुलात 'ड्रॉइंग मास्तर' ही एक नवी व्यक्ती दिसू लागली. कोटाच्या खिशात रंगीत खडू, हाताखाली लाकडी घन, शंकू आणि नळकांडे.

येथे दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की लंडनची छापील रेखाकृती आणि पंतोजींचा कित्ता यांची गाठ पडली. दोन्ही परंपरा एकमेकींना अनोळखी, पण दोन्हींचा स्वभाव एक : समोरच्या नमुन्याची नक्कल. म्हणूनच ती विलायती पद्धत आपल्याकडे इतक्या सहज रुजली. दुसरी गोष्ट अशी, की ड्रॉइंग मास्तर हायस्कुलात आला, प्राथमिक शाळेत आला नाही. तेथे एकच गुरुजी. तेच गणित शिकवणार, तेच भूगोल, आणि वेळ उरला तर फळ्यावर आंबा किंवा डोंगर काढून 'हे उतरून घ्या' म्हणणार. गुरुजींनी तो डोंगर आपल्या गुरुजींकडून घेतलेला, त्यांनी त्यांच्या गुरुजींकडून. कित्त्याचा डोंगर झाला तो असा. तो कोणी पाहिलेला डोंगर नव्हेच. तो पिढ्यान् पिढ्या उतरून घेतलेला डोंगर आहे.

आपल्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, या काळात काय चालले होते? येथील शिक्षणाचा इतिहास अमेरिकन मराठी मिशनच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही. मिशनचे ठाणे येथे १८३१ साली पडले. सिंथिया फरार ही बाई १८२७ साली मुंबईस आली, १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली येथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना त्यांतून मिळाली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकामही असे. १८४२ साली नगरातच 'ज्ञानोदय' निघाला आणि त्यात चित्रे छापली जाऊ लागली. ज्या घरात देवादिकांच्या तसबिरींपलीकडे छापील चित्र नव्हते, तेथे प्राण्यांची, यंत्रांची, परदेशातल्या इमारतींची चित्रे पोचली. मुलाच्या डोळ्यांना हे एक नवे खाद्य होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रेव्हरंड जेम्स स्मिथ यांच्या खटपटीने आणि सर दिनशा पेटिट यांच्या नावाने येथे औद्योगिक शाळा उभी राहिली. सुतारकाम, तांब्या-पितळेच्या पत्र्यावरील उठावाचे काम, गालिचे विणणे अशी कामे तेथे मुलांना शिकवली जात. नगर हे आधीच विणकरांचे आणि तांबटांचे गाव. त्यामुळे या शाळेला येथे जमीन तयार होती. पुढे १८९९-१९०० चा, लोकांनी 'छप्पनचा' म्हणून लक्षात ठेवलेला भीषण दुष्काळ आला. अनाथ मुलांचे लोंढे मिशनच्या दारी आले. या मुलांना नुसती अक्षरे देऊन भागणार नव्हते. हाताला काम द्यावयास हवे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने नगरातच हातमाग सुधारण्याचे प्रयोग केले, त्यामागेही हीच विवंचना होती.

हाताला पोटाशी जोडणारे हे शिक्षण कोणी हिणवू नये. भुकेल्या मुलाला गालिचा विणावयास शिकवणे हे पुण्यकर्मच होय. पण गालिच्यावरची नक्षी मुलाची नसे. ती आधी आखलेली असे, त्याने फक्त धागे मोजावयाचे. नक्षी करणारा एक आणि विणणारा दुसरा. हात तयार झाला. पण त्या हातामागचे मन चित्राच्या बाबतीत रिकामेच राहिले.

याच सुमारास, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षणाचा एवढा कळवळ्याचा पुरस्कार त्या काळी क्वचितच कोणी केला असेल. शेतकऱ्याच्या मुलाला काय शिकवावे, याची यादीही त्यांनी दिली : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, नीती आणि आरोग्य. या यादीत चित्रकला नाही. त्याबद्दल जोतीरावांना दोष देणे हा अन्याय ठरेल. ज्यांना अक्षरच मिळाले नव्हते, त्यांना आधी अक्षर मिळवून देणे हाच त्यांचा प्रश्न होता. पण जोतीरावांसारख्या क्रांतदर्शी पुरुषाच्या यादीतही ज्याला जागा मिळाली नाही, तो विषय सामान्य शिक्षणाधिकाऱ्यांच्या यादीत कितपत टिकणार होता?

पहिला खरा पालट आला तो १९३७ साली. त्याआधीच्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींच्या इच्छेवरून नंदलाल बोस तेथे आले आणि बांबू, चटया, गवत असल्या गावातल्याच सामानाने त्यांनी ते नगर सजवले. सौंदर्याला पैसा लागत नाही, डोळा लागतो, हा त्या मंडपाचा धडा होता. पुढच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. या योजनेत चित्रकलेला स्वतंत्र स्थान होते. रंग आणि आकार ओळखणे, ते ध्यानात ठेवणे, निसर्गातले सुंदर ते पाहावयास शिकणे, आणि आपण करू त्या वस्तूला शोभिवंत घाट देणे, हे सर्व त्यात आले.

सेवाग्रामच्या शाळेत याचा अनुभव आला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. त्यांनी मुलांना नमुने दिले नाहीत. मुलांनी काढलेली चित्रे त्यांनी जपून ठेवली, त्यांवर विचार केला, आणि मूल कोणत्या वयात कसे पाहते हे समजून घेतले. कला ही शिक्षणाची पालवी नसून मूळ आहे, अशी त्यांची धारणा होती. मात्र सेवाग्रामात देवीप्रसाद होते. गावोगावच्या मूलोद्योगी शाळांत ते नव्हते. तेथे टकळी आली, पण तिच्यामागची दृष्टी आली नाही. किती सूत निघाले याचा हिशेब राहिला, मुलाने काय पाहिले याचा राहिला नाही. योजना ओसरली तेव्हा टकळीबरोबर चित्रही गेले.

दुसरा एक प्रवाह बालशिक्षणाचा. व्हिएन्ना येथे फ्रान्झ सिझेक या चित्रकाराने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग काढला आणि मुलाची कला ही मोठ्यांच्या कलेची कच्ची नक्कल नसून ती स्वतंत्र कला आहे, असे जगाला प्रथमच ठासून सांगितले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. महागडी परदेशी साधने आदिवासी पाड्यावर कोठून आणणार? म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, माती, गेरू यांचीच साधने केली. ज्या वारली घरांच्या भिंतींवर लग्नाचे चौक लिहिले जात होते, त्याच घरांतली मुले या अंगणवाडीत येत. कोसबाडने दाखवून दिले, की गरिबी हा चित्रकला न शिकवण्याचा सबब होऊ शकत नाही.

तरीही हे काम शाळेच्या उंबरठ्याबाहेर, बालवाडीत राहिले. मूल पहिलीत गेले की त्याच्या हाती पुन्हा कित्ता येई.

स्वराज्यानंतर काय झाले, ते थोडक्यात सांगतो. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेली. १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा त्याच्याकडे आल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय घेऊन दरवर्षी महाराष्ट्रातली असंख्य मुले या परीक्षांना बसतात. अलीकडे त्यांतील श्रेणीबद्दल दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून गर्दी आणखी वाढली. गुणांसाठी का होईना, मुलाच्या हातात कुंचला आला, हे चांगलेच झाले. पण लक्षात घ्या : या परीक्षा माध्यमिक शाळेच्या. पहिलीतल्या मुलापर्यंत त्या येत नाहीत.

२००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेत कोण असावे याची तपशीलवार यादी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्यात म्हटले आहे. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपुस्तकात 'कला' या विषयापुढे श्रेणी भरणे सक्तीचे झाले. म्हणजे शिकवणारा नाही, पण श्रेणी आहे! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला सर्व विषयांत मिसळावी असे म्हटले आहे. कल्पना उत्तम आहे. वर्ध्याची कल्पनाही उत्तमच होती.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. चित्रकला शाळेत तीनदा आली. एकदा कारखान्यासाठी आली, एकदा मूलोद्योगाबरोबर आली, एकदा मुलाच्या मनासाठी आली. तिन्ही वेळा ती प्राथमिक शाळेच्या दारातून परत गेली, आणि तिन्ही वेळांचे कारण एकच : प्राथमिक गुरुजींना ती कोणी शिकवली नाही. आपण अभ्यासक्रम बदलले, परीक्षा काढल्या, संचालनालये स्थापली. पण ज्या एका माणसाच्या हाती पन्नास मुलांचे डोळे असतात, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा विचार केला नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. त्याला जे मिळाले तेच तो देतो. त्याला डोंगर मिळाला, त्याने डोंगर दिला.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक खेड्यात वेगळा कलाशिक्षक नेमणे नजीकच्या काळात घडेल असे मला वाटत नाही. पण अध्यापक पदविकेच्या दोन वर्षांत आठवड्यातून दोन तास त्या भावी गुरुजींना स्वतः चित्र काढावयास लावणे अशक्य नाही. त्यांना सुंदर चित्र काढता येणे आवश्यक नाही. फळ्यावर नमुना न काढता वर्ग कसा चालवावा, मुलाचे चित्र दुरुस्त न करता त्याला 'हे काय आहे, सांग बरे' असे कसे विचारावे, एवढे त्यांना यावयास हवे. जोर्व्याच्या भांड्यावरची जाळी आणि तिरप्या रेघा हा चौथीच्या मुलांसाठी संकल्पचित्राचा उत्कृष्ट धडा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्याचा आहे. पोळ्याचा बैल हा मूर्तिकलेचा पहिला पाठ आहे. धनगराच्या घोंगडीच्या काठात पट्ट्यांची रचना आहे. रांगोळीच्या ठिपक्यांत भूमिती आहे. पाऊस पडला की ओढ्याकाठची चिकणमाती फुकट मिळते. शाळेची एक भिंत गेरूने सारवून मुलांच्या हवाली केली, तर तिचा खर्च एका समारंभातल्या हारतुऱ्यांहून कमी येईल.

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्याची भ्रांत पडते, तेथे चित्रकलेची ही चैन कशाला? माझे उत्तर असे, की आपले भोवताल नीट पाहणे ही चैन नव्हे. ज्याने आपला डोंगर कधी नीट पाहिलाच नाही, त्याला तो बोडका झाल्याचे तरी कसे कळावे? आपले गाव चित्रात काढण्याच्या लायकीचे नाही, चित्रात काढावयाचे ते दुसरेच एखादे हिरवे, नदीकाठचे गाव, हा धडा नकळत आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना देत आलो आहोत. त्रिकोणी डोंगराची खरी किंमत ही आहे.

ज्या दिवशी पाथर्डीच्या एखाद्या शाळेतली मुलगी सपाट माथ्याचा डोंगर काढील, त्याच्या पायथ्याशी बाभूळ काढील, आणि बाभळीखाली टँकरभोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया काढील, आणि तिचे गुरुजी ते चित्र खोडणार नाहीत, तर भिंतीवर लावतील, त्या दिवशी या जिल्ह्यात कलाशिक्षण सुरू झाले असे मी समजेन.